उरल्या कापडाचा हिशेब

ब्लाउजपीसमधून ब्लाउज बेतून झाला की टेबलावर जे उरते त्याचे आकार जवळजवळ ठरलेले असतात. गळ्यातून निघालेली चंद्रकोर, बाहीच्या दोन्ही अंगांना पडलेले निमुळते त्रिकोण, मुंढ्यापाशी सुटलेली वाकडी फाक आणि काठाकडची एक लांब, अरुंद पट्टी. कापड रेशमी असो वा सुती, शिवणारी घरातली असो वा दुकानातली, या आकारांत फारसा बदल होत नाही. तरीही या तुकड्यांचे काय करावे याचा विचार आपल्याकडे आकारापासून कधी सुरू होत नाही. तो सुरू होतो हळहळीपासून. ‘एवढे चांगले कापड टाकवत नाही’ म्हणून ते पिशवीत जाते, पिशवी माळ्यावर जाते, आणि काही वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत तीच पिशवी न उघडता बाहेर जाते. उरलेल्या कापडातून लहान वस्तू शिवण्याची बाजू मला या पुस्तकाच्या आरंभी मांडायची आहे, पण ती या हळहळीच्या आधारावर नाही. त्यातून पैसे वाचतात हा दावा लंगडा आहे, पृथ्वी वाचते हा त्याहून लंगडा. टिकण्यासारखे कारण एकच दिसते: तुकड्यातून शिवणारी व्यक्ती कापड ओळखायला शिकते, आणि कापड ओळखू लागलेली व्यक्ती पुढच्या वेळी बेततानाच कमी तुकडे पाडते.

या विषयावर बोलताना पहिल्यांदा गोधडीचे नाव घ्यायची आपल्याकडे रीत आहे. गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ, बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी, ही परंपरा मोठी आहे आणि तिच्याविषयी अभिमान वाटावा अशीच आहे. पण तिचा दाखला कातरणाच्या पिशवीला लावताना एक गोष्ट विसरली जाते. या सगळ्यांचा कच्चा माल जुनेर होता. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही वस्त्रे मागावरून उतरून थेट अंगावर चढत. त्यांना कात्री लागतच नसे, त्यामुळे कातरणही पडत नसे. कात्री लागायची ती वस्त्र विरल्यावर. तोवर त्या सुती कापडाचा जाणारा रंग गेलेला असे, आटायचे ते आटलेले असे, आणि शेकडो धुण्यांनी ते इतके मऊ झालेले असे की चार-पाच पदरांतून धावदोऱ्याची सुई सहज पार होई. आजचा तुकडा याच्या नेमका उलट आहे. तो कोरा आहे, खळीने ताठ आहे, त्याचा रंग सुटेल की नाही ठाऊक नाही, आणि शेजारचा तुकडा आटेल त्याच प्रमाणात तो आटेल याची हमी नाही. सुती तुकड्याला पॉलिएस्टरचा तुकडा जोडून केलेली उशीची खोळ पहिल्या धुण्यानंतर का चुरमडते याचे उत्तर यातच आहे. गोधडीकडून आपण टाका जरूर घ्यावा. पदर कसे बसवायचे आणि काठ कसा मुडपायचा हेही घ्यावे. सिद्दी बायका कवंदीचे काम कडेकडून सुरू करून फिरत फिरत मध्यभागी आणतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेली लहान फुले ठेवतात, ही पद्धत मोठ्या आकाराचे काम सपाट कसे राखायचे याचा उत्तम धडा आहे. पण ‘आजी असेच करायची’ हे वाक्य कोऱ्या तुकड्यांच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. आजीने आधी ते कापड वीस वर्षे वापरले होते.

शिवलेल्या कपड्यांच्या बाबतीतही जुने बेतणारे कापड वाया घालवत नसत, आणि त्यामागे नैतिकतेपेक्षा मागाचा पन्हा अधिक होता. कॅनडातल्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमच्या डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ साली ‘कट माय कोट’ नावाची एक छोटी पुस्तिका लिहिली. जगभरातल्या पारंपरिक अंगरख्यांचे आणि सदऱ्यांचे आकार अंगापेक्षा कापडाच्या रुंदीने ठरले आहेत, हे त्यांनी आकृत्या काढून दाखवले. जपानी किमोनोचे कापड एका अरुंद, लांब गुंडाळीत येते आणि त्याचे सगळे भाग सरळ रेषेत कापले जातात. गळ्याजवळचे जास्तीचे कापड कापून न टाकता आत मुडपले जाते. आपला परकर म्हणजे नाडीवर चुणलेला आयत. चुडीदार पायजम्याची युक्ती तर बुद्धीला दाद द्यावी अशी आहे: पायाला चिकटून बसण्यासाठी तो उरेब कापावा लागतो, आणि सपाट कापडातून उरेब कापले तर कोपऱ्यांत मोठे त्रिकोण वाया जातात. म्हणून जुने शिंपी आधी कापडाची तिरकी पिशवी शिवत आणि ती पिशवी कापत. पाय आपोआप उरेबात येत आणि वाया जाई ते नगण्य. मग कातरणाचा ढीग आला कुठून? तो अंगाबरोबर बसणाऱ्या गोलाईतून आला. चौकोनातून त्यात मावणारा सर्वांत मोठा गोल कापला तरी चौकोनाचा साडेएकवीस टक्के भाग चार कोपऱ्यांत उरतो, आणि हे कोणाच्या हलगर्जीने होत नाही. भूमितीच तशी आहे. गळा, मुंढा आणि बाहीचा माथा या तिन्ही ठिकाणी हाच गोल वेगवेगळ्या रूपांत येतो. अंगाबरोबर बसणारा ब्लाउज आपल्याला हवा आहे, तेव्हा तुकडे पडणारच. प्रश्न उरतो तो त्यांतले कोणते ठेवण्याजोगे आहेत हा.

इथे हिशेब मांडणे भाग आहे, कारण या विषयावरच्या उत्साही लिखाणात तो बहुधा टाळला जातो. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी माया लागते. ती पाव इंच धरली तर दोन इंचांचा चौकोन चारही बाजूंनी जोडल्यावर दीड इंचाचा उरतो. म्हणजे चार चौरस इंचांपैकी सव्वादोन दिसतात आणि जवळजवळ ४४ टक्के कापड शिवणीच्या आत नाहीसे होते. तीन इंचांच्या चौकोनात हे नुकसान ३१ टक्क्यांच्या आसपास येते आणि सहा इंचांच्या चौकोनात १६ टक्क्यांवर. तुकडा जितका लहान तितके कापड अधिक वाया, दोरा अधिक खर्च, आणि वेळ तर कितीतरी अधिक. दोन बोटांहून अरुंद तुकडे जोडत बसणे हा छंद असू शकतो आणि छंद म्हणून त्याला माझा विरोध नाही, पण त्याला काटकसर म्हणू नये. असे बारीक तुकडे उशीत किंवा पिनकुशनमध्ये भरावेत, तिथे ते खरोखर उपयोगी पडतात. उलट, वितभर रुंद चौकोनी तुकडा हाती असेल तर त्याच्याकडे अधिक आदराने पाहावे. दहा इंचांच्या चौकोनाला कर्णावर कापून, जोडून, त्याची नळी करून सलग उरेब पट्टी काढली तर सव्वा इंच रुंदीची सुमारे सत्तर इंच पट्टी मिळते. दोन ब्लाउजांच्या गळ्यांना ती पुरते. बाजारात तयार पट्टी मिळते हे खरे, पण ती ठराविक रंगांत आणि बहुधा जाड, कडक कापडाची असते. ब्लाउजच्याच कापडाची मगजी गळ्याला जशी बसते तशी ती बसत नाही. जुन्या बेतणाऱ्यांच्या हाती असलेले हे ज्ञान आता शिवणाच्या पुस्तकांत एखाद्या परिच्छेदापुरते उरले आहे, म्हणून पुढे त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

पहिला आक्षेप वेळेचा आहे आणि तो वजनदार आहे. आठवड्याच्या बाजारात कापडी पाकीट किरकोळ किमतीला मिळते. ते घरी शिवायला संध्याकाळ जाते. तयार कपडे स्वस्त झाल्यापासून घरगुती शिवणाचे अर्थशास्त्रच बदलले आहे, आणि ज्या बाईला नोकरी, घर, मुले सांभाळून शिवायचे आहे तिला ‘वेळ काढा’ असा सल्ला देणे उद्धटपणाचे होईल. वस्तूची किंमत आणि लागलेला वेळ एवढेच तराजूत घातले तर हा आक्षेप जिंकतो. पण शिवण शिकण्याचा खर्चही त्याच तराजूत घालावा लागतो, आणि तो लहान वस्तूंइतका स्वस्त दुसरीकडे कुठेच पडत नाही. आपल्या शिवणवर्गांत झबले आणि टोपडे आधी शिकवण्याची प्रथा आहे. बाळाच्या कपड्यांची गरज हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की वीतभर कापडात गळा, मुंढा, चुणी, पट्टी आणि नाडी हे सगळे येते आणि चुकले तरी फार काही बिघडत नाही. तुकड्यांच्या कामात हीच सोय आहे. बटवा शिवताना अस्तर आणि बाहेरचे कापड उलट जोडून एका लहान फटीतून सुलट कसे काढायचे हे समजते, आणि नाडीची वाट दोन टिपांमध्ये कशी सोडायची हेही. ही युक्ती एकदा हाताला बसली की अस्तराच्या जॅकेटची भीती जाते. चष्म्याच्या घराला साखळी लावताना मशीनचा पाय साखळीच्या दातांच्या किती जवळ न्यायचा हे कळते. साडीच्या काठाची उरलेली पट्टी पिशवीच्या तोंडाला लावताना उभा धागा आणि आडवा धागा वेगळे वागतात हे हाताला जाणवते, आणि उरेब कापलेला तुकडा ताणला गेला की तो पुन्हा मूळ मापावर येत नाही हेही. नव्या रेशमी कापडावर कात्री चालवताना हात थरथरतो. कातरणावर तो थरथरत नाही, आणि शिकणाऱ्याला सर्वांत जास्त गरज याच निर्भयपणाची असते.

दुसरा आक्षेप असा की या छंदातून घरात निरुपयोगी वस्तूंचा नवा ढीग तयार होतो. हा आक्षेप मला अगदी मान्य आहे. ज्या घरात आधीच बारा पाकिटे आहेत तिथे तेरावे शिवणे म्हणजे कातरणाला कातरणापेक्षा महाग रूप देणे. रिमोटला झबले, फ्रिजच्या मुठीला झालरीचे मोजे अशा वस्तू तर शिवतानाच धूळ खाऊ लागतात. म्हणून या पुस्तकात वस्तू निवडताना एक कठोर कसोटी लावली आहे: ती वस्तू वापरून मळली पाहिजे आणि धुवून पुन्हा वापरली गेली पाहिजे. पोळ्यांच्या डब्यातला रुमाल, गरम पातेले उचलायचे जाड फडके, घडी करून पर्समध्ये मावणारी बाजारपिशवी, बाळाचे दुपटे, पूजेचे किंवा जेवणाचे बसकर, औषधांचा बटवा या वस्तू कसोटीला उतरतात. पिशवीचे तर कारणच वेगळे सांगायला नको. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी बाहेर पडताना सोबत घेण्याची वस्तू झाली, आणि २०२० साली मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला तेव्हा घरोघरच्या कातरणातून दुपदरी सुती मुखपट्ट्या शिवल्या गेल्या, हेही फार जुने नाही. उपयोगाची वस्तू असली की कापडाची निवडही कडक करावी लागते. पातेले उचलायच्या फडक्यात पॉलिएस्टरचा एकही तुकडा असता कामा नये, आतल्या पदरातसुद्धा नको. सुती कापड तापले तर करपते, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. तुकडा कशाचा आहे याची शंका असेल तर त्याचे दोन धागे चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो, पॉलिएस्टरचा कडक काळा मणी होतो.

पर्यावरणाचा मुद्दा मी जाणूनबुजून मागे ठेवला आहे. घरच्या शिवणातली वर्षभराची कातरणे एका पिशवीत मावतात. कपड्यांच्या एका मध्यम कारखान्यात तेवढी पहिल्या चहाच्या सुट्टीआधी पडत असतील. तिथे कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकाच वेळी कापतात, त्यामुळे प्रत्येक वाया गेलेला कोपरा थरांच्या संख्येने गुणला जातो. या चिंध्यांचा आपला स्वतंत्र व्यापार आहे: त्या वजनावर विकल्या जातात, गॅरेज आणि छापखान्यांत यंत्रे पुसायला जातात, गाद्यांत भरल्या जातात, त्यांच्या दऱ्या विणल्या जातात. पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांचा धागा पुन्हा कातण्याचा मोठा उद्योग उभा आहे. बटवा शिवणाऱ्याने या साखळीत आपण काही मोठा फरक केला असे मानू नये. पण कारखान्याची कातरणे आणि घरचे शिवण यांची गाठ पडते तेव्हा काय होऊ शकते याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आहे. तिथल्या गीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या लहानशा वस्तीतल्या आणि आसपासच्या बायकांनी १९६६ साली फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. १९७२ च्या सुमारास सीअर्स या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयच्या उश्यांच्या खोळी शिवण्याचे काम त्यांना मिळाले. खोळींतून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांच्या रजया शिवल्या. मोजक्या रंगांच्या, रुंद, थोड्या वाकड्या पट्ट्यांच्या. २००२ साली या वस्तीतल्या रजया ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या. यातून मला घ्यावासा वाटतो तो धडा असा, की एकाच जातीचे भरपूर कातरण मिळाले तर त्यातून सुसंगत काम होते. आपल्याकडे शाळेचे गणवेश शिवणारी केंद्रे, पडद्यांची दुकाने, गादीवाले यांच्याकडे असे एकजिनसी तुकडे सतत पडतात. बचत गटांनी घरच्या पंचरंगी पिशव्यांपेक्षा तिकडे आधी पाहावे. मात्र एक सावधगिरी हवी: कापड फुकट आले म्हणून शिवणारीचा वेळही फुकट धरला जातो. पिशवीची किंमत ठरवताना कापडाच्या रकान्यात शून्य लिहिले तरी मजुरीच्या रकान्यात शून्य लिहिता येत नाही, आणि अनेक ठिकाणी तेच लिहिले जाते.

राहिला शेवटचा आक्षेप, जो उघडपणे कोणी बोलत नाही. तुकडे जोडलेली वस्तू गरिबीची वाटते. ठिगळ हा शब्द आपण कौतुकाने वापरत नाही. याला उत्तर म्हणून थोरांची उदाहरणे देता येतात. विनयपिटकातल्या महावग्गात अशी कथा आहे की बुद्धांनी मगधातली बांधाबांधांनी विभागलेली भातखाचरे दाखवून तसेच चीवर करता येईल का असे आनंदाला विचारले, आणि भिक्षूंचे वस्त्र तेव्हापासून तुकडे जोडून होऊ लागले. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्याच असत आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. पण ही उदाहरणे वापरताना संकोच वाटला पाहिजे. त्यांनी तो वेश निवडला होता. ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांना ठिगळात तत्त्वज्ञान दिसत नाही, आणि त्यांनी नवे, अखंड कापड हवे म्हटले तर त्यात काहीच वावगे नाही. जपानच्या उत्तरेकडच्या शेतकऱ्यांचे ठिगळांवर ठिगळे लावलेले बोरो कपडे आज संग्राहक जपतात, आणि तशाच धाटणीचे नवे कपडे महागड्या दुकानांत लटकतात, हे पाहून त्या शेतकऱ्यांना काय वाटले असते कोण जाणे. मला अधिक जवळचे वाटते ते आपल्याकडचे एक साधे उदाहरण: नवजात बाळासाठी मऊ जुन्या सुती कापडाची दुपटी आणि लंगोट करण्याची रीत श्रीमंत-गरीब सगळ्याच घरांत होती आणि तिची लाज कधी कोणाला वाटली नाही. कारण तिथे ते कापड त्या कामाला नव्यापेक्षा सरस होते. कातरणाच्या वस्तूलाही हेच लागू आहे. तुकडा तिथे गरजेपोटी आला असे न दिसता तो तिथेच हवा होता असे दिसले, तर गरिबीचा वास येत नाही. हे साधण्याचे उपाय अगदी तांत्रिक आहेत: एका वस्तूत एक रंग सगळीकडे फिरता ठेवावा, छापील तुकड्यांच्या मध्ये साधा तुकडा यावा, आणि कडेची मगजी एकाच कापडाची, सारख्या रुंदीची असावी. चांगल्या गोधडीवर नजर ठरते ती तिच्या काठामुळे.

पुढची प्रकरणे वस्तूंप्रमाणे न लावता तुकड्यांच्या आकारांप्रमाणे लावली आहेत: आधी लांब पट्ट्या, मग वितभर चौकोन, मग त्रिकोण, आणि शेवटी गळ्याच्या चंद्रकोरी, ज्यांचे फार काही होत नाही हे तिथेच कबूल केले आहे. ‘मला बटवा शिवायचा आहे’ म्हणून पान उघडण्यापेक्षा ‘माझ्याकडे हे उरले आहे’ म्हणून उघडावे, अशी विनंती आहे. कातरणासाठी घरात एकच डबा ठेवावा. तो भरला की नवे तुकडे ठेवण्याआधी जुने वापरावेत किंवा कोणाला तरी द्यावेत. सुती तुकडे शिवण्याआधी कोमट पाण्यात धुवून, थोडे ओलसर असतानाच इस्त्री करून घ्यावेत, आणि गडद लाल व निळे तुकडे पहिल्या वेळी वेगळे भिजवावेत. सगळी मापे इंचांत दिली आहेत आणि पाव इंचाची माया त्यांत धरलेली आहे. कापताना ती पुन्हा सोडू नये.